बारा कप म्हणजे किती?

नाही, बसतो, बसतो मी, पण त्याआधी मला एवढंच सांगा की कप म्हणजे किती? तुमच्या घरात असतील ना कप? सगळे सारखे आहेत? एक तरी दुसऱ्यासारखा आहे? अहो, सेट म्हणून सहा आणले की वर्षभरात दोन फुटतात, एकात दात घासायचे ब्रश राहायला जातात, एक शेजारी जातो तो परत येत नाही, आणि उरलेल्या दोघांचं आपसात पटत नाही! आणि तरी जगातली झाडून सगळी माणसं बिनदिक्कत सांगतात, 'दोन कप राजमा घ्या.' कोणाचे दोन कप? वर शीग ठेवून की काठावरून हात फिरवून? आपटून भरलेले की अलगद? असं विचारलं की माणसं आपल्याकडे अशी बघतात की… हो, आत्ता तुम्ही बघताय ना, अगदी तशीच!

तुम्हाला सांगतो, मी वजनाचा माणूस आहे. एका मोठ्या दवाखान्याच्या औषध विभागात बावीस वर्षं पावडरी वजन करून पुड्या भरतोय. खिडकी उघडी असेल तर मी वजन करत नाही, वाऱ्याने काटा हलतो. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकून येतो. बायको म्हणते, "अहो, तुम्ही घरीसुद्धा शिंकायला बाहेर जाता." जातो! सवय आहे! माणसं काय, काहीही बोलतील, पण काटा खोटं बोलत नाही. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलंय. त्याखाली कोणीतरी पेनाने 'पण डोकं खातो' असं लिहिलंय, ते सोडा.

तर आमची आई. आईची खानावळ आहे, बस डेपोच्या मागच्या गल्लीत. सहा टेबलं, चाळीस माणसं, फक्त दुपारचं जेवण. छत्तीस वर्षं एकटीने चालवतेय. सगळे तिला मावशी म्हणतात, डेपो मॅनेजर पण मावशी, झाडूवाला पण मावशी. आणि तिचा तो रस्सा! राजमा, मसूर आणि वाटाणे, तीन कडधान्यांचा एकत्र रस्सा आणि पाव. सोमवारी फक्त हरभरे, रविवारी सुट्टी, बाकी सगळे दिवस रस्सा. एक कंडक्टर आहे, तो एकोणीस वर्षं कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. त्याची दुसऱ्या डेपोला बदली झाली तर रोज दोन बस बदलून जेवायला येतो! आता बोला!

आणि आईचा गुडघा गेला. म्हणजे जात होताच, चार वर्षं जात होता, ती कबूल करत नव्हती. स्वयंपाकघरात उतरायला तीन पायऱ्या आहेत. त्या तीन पायऱ्या ती भिंत धरून, आडवी होऊन, एक-एक करत उतरायची, आणि कोणी बघतंय असं दिसलं की भिंत पुसल्यासारखं करायची! मी एकदा म्हटलं, "आई, भिंत रोज पुसतेस?" तर म्हणाली, "मग काय तू पुसणार आहेस?" शेवटी मीच तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "आजी, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन करू. ही तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी, आणि अजून तीन महिने असंच रेटलंत तर हा पाय पुन्हा सरळ होईल याची मी खात्री देत नाही." मी हादरलो, खरं सांगतो. आणि आई? आई शांतपणे विचारतेय, "गुरुवारी रस्सा कोण करणार?"

मी म्हटलं, आचारी ठेवू. ठेवला. चांगला, मोठ्या हॉटेलात काम केलेला, स्वतःच्या सुऱ्या कापडात गुंडाळून आणणारा. आईने त्याला खालून वर बघितलं आणि अट घातली. म्हणाली, "याच्या हातून माझ्यासारखा रस्सा झाला, की मी निघाले दवाखान्यात. नाही झाला, तर माझा गुडघा आणि मी, आमचं आम्ही बघून घेऊ." बायको म्हणाली, समजूत घाला. आईची समजूत? छत्तीस वर्षांत ती कोणी घातलेली नाही! त्यापेक्षा रस्सा सोपा, म्हटलं. आठवडा आहे हातात. पहिल्याच दिवशी आचाऱ्याने विचारलं, "मावशी, प्रमाण?" आई म्हणाली, "बारा कप. सहा राजमा, चार मसूर, दोन वाटाणा." तर तो वही काढून म्हणतो, "ग्रॅम सांगा." आई म्हणाली, "ग्रॅम कोण?"

आणि दोघं माझ्याकडे बघायला लागले. तुम्हाला सांगतो, माझी छाती फुगली हो! आयुष्यात पहिल्यांदा घरच्यांना माझ्या नोकरीचा उपयोग होणार होता. मी म्हटलं, "ग्रॅम माझ्यावर सोडा. काटा खोटं बोलत नाही!"

बुधवारी संध्याकाळी मी म्हटलं, कशाला उगाच खटाटोप, इंटरनेटवर तक्ते असतात. असतात की! ढिगाने असतात! एकात कप दोनशे चाळीस मिलिलिटरचा, दुसऱ्यात अडीचशेचा, तिसऱ्यात दोनशेचा. एकाने तर मसूर आणि राजमा दोघांनाही एकच आकडा लावलेला! अरे, मसूर केवढी, राजमा केवढा! मसूर कपात गेली की फटी बुजवत बसते, आणि राजमा एकमेकांना कोपर मारून मध्ये मोकळी जागा ठेवतो, बसमध्ये बॅगा घेऊन बसणाऱ्यांसारखा! माप तेच, वजन वेगळं! एवढं साधं कळत नाही? मग मी त्यातल्या त्यात नीटनेटका तक्ता निवडला… हो, नीटनेटका दिसला म्हणूनच निवडला, हसा… त्याला सहा, चार, दोनने गुणलं, त्या रात्री मीच वजन करून भिजत घातलं आणि आचाऱ्याला कागद दिला. गुरुवारी दुपारी रस्सा तयार. आईने पळी बुडवली. पळी उभी राहिली! आईने हात काढून घेतला, तरी उभी! आई म्हणाली, "भिंत बांधायची असेल तर चांगलाय." मग उकळतं पाणी ओतून वेळ मारून नेली.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे. मी? मी हट्टाला पेटलो. आचाऱ्याला म्हटलं, बारा भागांतले दोन भाग कमी करून टाक. तो म्हणाला, "बरं." आणि शुक्रवारी काय? नुसतं पाणी! कंडक्टर ताटलीत वाकून बघतोय आणि आवाज देतोय, "पुढे सरका, पुढे सरका, वाटाणा येऊ द्या!" मी आचाऱ्याला म्हटलं, "अरे, वजन केलं होतंस ना?" म्हणाला, "केलं की. ग्रॅमला ग्रॅम." "कधी केलंस?" "सकाळी." "भिजवायच्या आधी?" "नाही, भिजल्यावर. भिजल्यावर निथळून केलं, कोरडं कोण मोजतं? शिजवायचं भिजलेलंच असतं ना?" आता याला काय बोलावं! अरे, रात्रभर पाणी पिऊन राजमा दुप्पट झालाय, तू कडधान्य नाही, पाणी वजन केलंस! त्यावर तो शांतपणे म्हणतो, "कागदावर 'कोरडं' असं लिहिलेलं नव्हतं, दादा." आणि नव्हतं लिहिलेलं. मीच नव्हतं लिहिलं! औषधाच्या पुडीवर 'जेवणानंतर' लिहायला मी आजवर एकदा विसरलो नाही, आणि इथे 'कोरडं' विसरलो. त्या दिवशी आईने उकडलेले बटाटे कुस्करून घातले आणि चाळीस माणसांना वाढलं. पायऱ्या चढताना तिने भिंत पुसल्याचं नाटकसुद्धा केलं नाही. नुसती धरून उभी राहिली.

मग ठरवलं, आता तक्ते बंद. आईचा कप, आईची कडधान्यं, माझा काटा. शुक्रवारी संध्याकाळी तिचा कप मागून घेतला. कप म्हणजे एनॅमलचा, पांढरा, काठ निळा, चार ठिकाणी टवके उडालेले, आणि कान तुटलेला. जिथे कान होता तिथे नुसते दोन काळे डाग. मी म्हटलं, "आई, हा कप टाकून का देत नाहीस?" म्हणाली, "तो टाकला तर मोजू कशाने, तुझ्या अकलेने?" दिला, पण असा दिला की जसं काही मी तो विकून खाणार आहे.

आता बघा हं, मी काय केलं. दवाखान्यातून साहेबांची परवानगी काढून लहान काटा घरी आणला. खिडक्या बंद. पंखा बंद. बायकोला म्हटलं, बोलू नकोस, हवा हलते. हातात मोजे घातले. मोजे! राजमा कपात ओतला, काठावर पट्टी फिरवली, कप काट्यावर. एकशे छप्पन्न. पुन्हा ओतला, पुन्हा भरला. एकशे अठ्ठावन्न. पुन्हा. एकशे चोपन्न. असं दहा वेळा! दहा वेळांची सरासरी काढली, एकशे छप्पन्न. मसूर दहा वेळा, एकशे चौसष्ट. वाटाणे दहा वेळा, एकशे साठ. वाटाणे तर काय, पट्टी फिरवली की टुणकन उडी मारून पलंगाखाली! प्रत्येक वेळी मी पलंगाखाली, कारण एक वाटाणा इकडे-तिकडे झाला की सरासरी बिघडते. घामाने निथळतोय, पंखा बंद, आणि बायको दारात उभी राहून, तोंडातून शब्द न काढता, नुसती भुवई वर करतेय. भुवईने हवा हलत नाही, त्यामुळे मला काही बोलता येईना! पण आकडे निघाले. सहा, चार, दोन, एकूण एक हजार नऊशे बारा ग्रॅम. कागद केला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कोरडं'. त्याखाली रेघ, त्याखाली पुन्हा एकदा 'कोरडं'.

शनिवारी दुपारी मी रजा टाकून खानावळीत हजर. आचाऱ्याने माझ्यासमोर पळी आईच्या हातात दिली. आईने चाखलं. डोळे मिटले. मी कागद हातात धरून उभा. आणि ती म्हणाली, "एक कप जास्त पडलाय."

एक कप जास्त! नाही, तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी म्हटलं, "आई, अशक्य. तुझाच कप, बारा वेळा, दहादा तपासून. बरोबर बारा आहेत." ती म्हणाली, "मग तेरा पडलेत." मी म्हटलं, "आई, काटा खोटं बोलत नाही!" तर ती पळी माझ्या हातात देऊन म्हणते, "मग काय, मी बोलते?" चाखून बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, खरंच दाट होता हो! थोडासाच, पण तो तिचा रस्सा नव्हता. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, मी त्या रश्शावर मोठा झालोय, मला कळतं की. पण काटा? माझा बावीस वर्षांचा काटा? रात्री झोप नाही. रविवारी सुट्टी, मी दिवसभर कपात पाणी ओतून मोजत बसलो. दोनशे मिलिलिटर. पुन्हा दोनशे. कपाला भोक नाही, पोचा नाही, तळ सरळ. बायको म्हणाली, "अहो, आईंच्या समोर बसून बघा ना एकदा त्या कशा मोजतात." मी म्हटलं, "मोजण्यात काय बघायचंय? मोजणं म्हणजे मोजणं!"

पण सोमवार उजाडला तसा धीर सुटत चालला. गुरुवार तीन दिवसांवर. आईने दवाखान्यात न्यायची पिशवी भरलेली नव्हती, खानावळीच्या दाराच्या खिळ्याला नुसती रिकामी टांगून ठेवली होती, मला दिसावी म्हणून. सोमवारी संध्याकाळी मी मुकाट्याने जाऊन तिच्यासमोर स्टुलावर बसलो. म्हटलं, "आई, मंगळवारचं तू भिजत घाल. मी फक्त बघतो." तिने राजम्याचा डबा ओढला, कप घेतला, डब्यात खुपसला, वर काढला, पातेल्यात रिता केला. एक. खुपसला, काढला, रिता. दोन. भराभर, कपाकडे न बघता, माझ्याशी बोलत. तीन. आणि चौथ्याला मी स्टुलावरून उठलो!

अंगठा! अहो, तिचा अंगठा कपाच्या आत! कपाला कान नाही ना, मग धरणार कसा? चार बोटं बाहेरून, अंगठा आतून, चांगला दोन पेरं आत! राजम्यात पुरलेला! म्हणजे प्रत्येक कपात राजमा आणि अंगठा! कप रिता करताना राजमा पडतो, अंगठा परत येतो! आणि हा अंगठा मी लहानपणापासून रोज बघतोय. रोज! एकदाही दिसला नाही! मी नाचायलाच लागलो. आचारी धावत आला, त्याला वाटलं विंचू चावला. मी ओरडतोय, "सापडला! तेरावा कप सापडला! आई, तुझा अंगठा!" आई म्हणते, "काय झालं माझ्या अंगठ्याला?" "आत असतो!" "कुठे आत?" तिने हात वर करून बघितला. अंगठ्याला राजम्याची धूळ. तरी म्हणते, "छे, मी काय अंगठा बुडवून मोजेन? काहीतरीच तुझं."

आणि इथे माझी चूक झाली. मी गप्प बसायला हवं होतं. मला सापडलं होतं ना? मग घरी जायचं! पण नाही. मी तिला हात धरून दाखवलं, समजावून सांगितलं, भिंतीवर आकृती काढली. बिचारीने उरलेले कप अंगठा बाहेर ठेवून मोजले. दोन्ही हातांनी, हळूहळू, पाळण्यातलं मूल उचलल्यासारखे. आणि मंगळवारी, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा, आईच्या स्वतःच्या हातचा रस्सा दाट झाला. कंडक्टरने दोन घास खाल्ले, थांबला, आणि अगदी सहज, वाईट हेतू नाही हो त्याचा, सहज विचारलं, "मावशी, आजही नव्या माणसानेच केलाय का?"

आईने पळी खाली ठेवली. आत जाऊन स्टुलावर बसली. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, रश्शाचं वाईट वाटलं. तर ती म्हणाली, "अरे, म्हणजे छत्तीस वर्षं मी लोकांना बारा सांगत होते आणि अकरा घालत होते?" मी म्हटलं, "आई, त्याचं काय एवढं…" "त्याचं काय एवढं? तू औषधाच्या पुडीत अंगठा घालून भरशील?" डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आईच्या डोळ्यांत! आणि ती उठली, त्या तीन पायऱ्या चढली, सगळ्या टेबलांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका. मी तुम्हा सगळ्यांना रोज एक कप कमी घालत आले. मुद्दाम नाही केलं. पण केलं." चाळीस माणसं पाव हातात धरून बघतायत! कोणाला काही कळेना! मग कंडक्टर उठला. म्हणाला, "मावशी, तो कमी असलेला कप परत काढून घ्या. आजचा रस्सा खाल्ला, त्यात तो आहे. नको आम्हाला." आणि सगळे हसले, आणि आई पण हसली… रडता रडता हसली, आणि माझंही काही वेगळं नव्हतं, कबूल करतो.

मग टेबलं आवरल्यावर ती कप हातात घेऊन बसली. त्या दोन काळ्या डागांवरून बोट फिरवत म्हणाली, "पहिल्या वर्षी लोक म्हणायचे, मावशी, रस्सा छान आहे पण पोटाला जड होतो. मग एकाएकी म्हणायला लागले, आता कसा झकास जमला! मला वाटलं, आपला हात बसला." मी विचारलं, "एकाएकी म्हणजे कधी?" तिने कप माझ्यापुढे धरला. म्हणाली, "तू या कपाचा कान तोडलास ना, त्याच्या नंतर." तोडला होता हो. नऊ वर्षांचा होतो. त्या कपाने खिळा ठोकत होतो! त्यासाठी मी मार खाल्लाय, चांगला सणसणीत, आणि त्या दिवसापासून खानावळ चालायला लागली! कोणी त्याचं नाव तरी घेतलं का? मार मात्र मला!

पण आता मी सोडणार होतो का? उरली होती एक संध्याकाळ. घरून काटा खानावळीत आणला, म्हटलं, अंगठा मोजायचा. कप काठोकाठ पाण्याने भरला, खाली ताटली ठेवली. "आई, अंगठा दे." तिने असा दिला, जसा काही एखाद्या सरकारी कागदावर उमटवायचाय. पाणी सांडलं, ताटलीतलं इंजेक्शनच्या सिरींजने ओढून मोजलं. सोळा मिलिलिटर. पुन्हा घेतलं. पंधरा. "आई, सारखाच बुडव!" "सारखाच बुडवतेय!" "पेरापर्यंत!" "कोणत्या पेरापर्यंत?" मग पेनाने अंगठ्यावर रेघ मारली. सोळा. बारा गुणिले सोळा, एकशे ब्याण्णव, म्हणजे जवळजवळ एक कप! जुळलं! पण लगेच दुसरी शंका. पाणी अंगठ्याला चिकटून बसतं, राजमा थोडाच बसणार? अंगठ्याभोवती फटी राहणार. मग राजम्याच्या फटी किती, मसुरीच्या किती… मी कागदावर कागद भरतोय, आचारी घड्याळ दाखवतोय, आई अंगठा वाळवतेय. आणि माझी बायको, जी आईला न्यायला आली होती, ती दारातून म्हणते, "अहो, आईंना नेहमीसारखा कप भरू द्या, आणि त्यांनी त्यातून रितं केलेलं कडधान्यच ठेवा ना काट्यावर."

…हं. …म्हणजे तुम्हालाही आधीच सुचलं होतं? मग बोलायचं नाही का! आचारी छताकडे बघत होता. आईने पदराने तोंड झाकलं होतं. मी म्हटलं, "तेच करणार होतो."

आईला म्हटलं, बोलत राहा, कशावरही बोल. ती माझ्यावर बोलली. विषय आवडीचा, त्यामुळे अंगठा आपोआप जागेवर गेला! राजमा एकशे त्रेचाळीस. मसूर एकशे पन्नास. वाटाणा एकशे सत्तेचाळीस. सहा, चार, दोन. एक हजार सातशे बावन्न ग्रॅम. माझे होते एक हजार नऊशे बारा. फरक एकशे साठ. एक कप! जिभेने सांगितलं होतं ना तिने, एक कप जास्त? ना पाच ग्रॅम इकडे, ना पाच ग्रॅम तिकडे! मी काट्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. काटा खोटं बोलत नाही हो… पण त्याला आधी खरं विचारावं लागतं, त्याला तो काय करणार!

बुधवारी आचाऱ्याने एकट्याने केला. आई खुर्चीवर बसून. पळी पुढे आली. तिने चाखलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं. मी काय, आचारी काय, कंडक्टर काय, आतबाहेर सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. आणि ती म्हणाली, "जमलाय." एवढंच. मग थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसली. आपल्यावाचून जमलं याचंही माणसाला थोडं लागतं, नाही का? मी जवळ जाऊन बसलो. तर म्हणाली, "पिशवी काढ ती खिळ्यावरची." आणि पिशवीत पहिल्यांदा काय टाकलं? कप! मी म्हटलं, "आई, हा कशाला?" म्हणाली, "इथे ठेवला तर हा आचारी याने मोजत बसेल. त्याचा अंगठा बघितलास किती जाड आहे?"

गुरुवारी ऑपरेशन झालं. उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, पाय सरळ होणार. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून, तुम्हाला सांगतो, लहान मुलासारखा रडलो, आणि मग बाहेर जाऊन शिंकून आलो. संध्याकाळी भेटायला गेलो तर आई उशीला टेकून त्याच कपातून गोळीचं पाणी पितेय, अंगठा आत! नर्स म्हणतेय, "आजी, एवढंसंच पाणी?" मी नर्सला म्हटलं, "बारा वेळा द्या, अकरा वेळा पोचेल."

आणि सगळं कसं छान, म्हणून मी खुर्ची ओढून बसतोय तोवर डॉक्टर आले. म्हणाले, "आजी, हा झकास झाला. आता दोन महिन्यांनी दुसरा करून टाकू. तोही तसाच आहे." मी म्हटलं, "करू! नक्की करू! आई, आता काय अडचण आहे? रस्सा तर जमला!" आईने कप खाली ठेवला. म्हणाली, "रस्सा जमला रे. पण सोमवारचे हरभरे? ते त्याला जमले की मी आले."

मी म्हटलं, एवढंच ना! अनुभव आहे आता, एका संध्याकाळचं काम! खिशातून कागद काढला, वर आधी 'कोरडं' लिहिलं, रेघ मारली आणि विचारलं, "बोल, हरभरे किती कप?"

आई म्हणाली, "हरभऱ्यांना कुठला कप? ते मी मुठीने घेते."

…मुठीने. म्हणजे आता आधी मला हे बघावं लागणार, की मूठ वळताना तिचा अंगठा आत असतो की बाहेर.